शिकारीचा हंगाम आणि हरणांचं पंचांग

कोल्हापूर संस्थानात काळविटाची शिकार करायला बंदूक लागत नसे. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवायचा आणि गाडी कळपाच्या रोखानं, पण थेट नव्हे, वळसे घेत घेत न्यायची. शेतकऱ्यांच्या गाड्या रोज पाहणारी काळविटं अशा गाडीला बुजत नसत. अंतर पुरेसं कमी झालं की चित्तेवान टोपी उतरवायचा, आणि पुढचं सगळं काही सेकंदांत उरकायचं. चित्त्यानं नरडं धरलं की चित्तेवान धावत पोचायचा, सावज सोडवून घ्यायचा आणि चित्त्याला त्याचा वाटा द्यायचा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही चित्त्याच्या या शिकारीचा उल्लेख सापडतो. ती सर्वांत उशिरापर्यंत ज्या संस्थानांत टिकली, त्यांत कोल्हापूर आणि भावनगर ही नावं अग्रभागी येतात. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणून शिकवले गेले.

या शिकारीला हंगाम होता का? होता, पण तो जमिनीनं ठरवलेला. पावसाळ्यात काळ्या रानात गाडीचं चाक रुततं. उभ्या पिकात आणि पुरुषभर गवतात चित्त्याला सावज दिसत नाही. म्हणजे वाळलेलं, मोकळं रान हवं. कळपातला काळाभोर, पीळदार शिंगांचा नर टिपायचा, एवढीच निवड. त्या महिन्यात मादी गाभण आहे का, तिच्या पायाशी पाडस आहे का, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. जगभर शिकारीचे हंगाम बहुतेक असेच सुरू झाले: शिकाऱ्याच्या सोयीनं. ते हरणाच्या सोयीनं बांधायचे हे शहाणपण नंतर आलं, आणि ते कुठं कसं आलं हे पाहिल्याशिवाय आपल्याकडे बारा महिने बंदी का आहे याचा उलगडा होत नाही.

हरणाचं वर्ष तीन गोष्टींभोवती फिरतं. पहिली, माज, म्हणजे नर-मादीच्या मिलनाचा काळ. दुसरी, विण्याचा काळ आणि त्यानंतर पाडस दुधावर असण्याचे महिने. तिसरी गोष्ट फक्त सांबर, चितळ, भेकर अशा खऱ्या हरणांची: त्यांच्या नरांची शिंगं गळतात आणि नव्यानं उगवतात. काळवीट कुरंगवर्गातलं, त्याची शिंगं जन्मभराची. नवी शिंगं वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते. ती वाळली की नर झाडावर शिंगं घासून ती सोलून काढतो, आणि मग तो लढायला मोकळा होतो. शिकारबंदीचा कोणताही शास्त्रशुद्ध कायदा या तीन गोष्टी जपतो: मखमलीतल्या नराला मारू नये, गाभण आणि लेकुरवाळ्या मादीला मारू नये, पाडसाला मारू नये.

थंड देशांत हे जपणं तुलनेनं सोपं जातं, कारण तिथली हरणं जवळजवळ एकाच वेळी वितात. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माज दिवस लहान होत जाण्याशी बांधलेला असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तो ऐन भरात येतो, गर्भ सुमारे २०० दिवस राहतो, आणि मे-जूनमध्ये कोवळं गवत उगवलेलं असताना पाडसं जन्मतात. नोव्हेंबरच्या अखेरीस ती पाच-सहा महिन्यांची, आईच्या दुधावाचून जगू शकणारी झालेली असतात. म्हणून बंदुकीचा हंगाम त्या सुमाराला उघडतो. पेन्सिल्व्हेनिया राज्यात तो अनेक दशकं थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी उघडत असे आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असे. २०१९ साली तिथल्या अधिकाऱ्यांनी हा दिवस शनिवारवर आणला, तेव्हा मोठी चर्चा झाली. एका दिवसाच्या बदलावर एवढं रान पेटावं याचं आपल्याला नवल वाटेल. पण तिथं परवाने, नरांची आणि माद्यांची वेगळी मर्यादा, मारलेल्या प्राण्याची नोंद असं सगळं या तारखेभोवती उभं असतं. तिथून लांडगे केव्हाच नाहीसे झाले आहेत. हरणांना आवरणारं बंदुकीशिवाय फारसं काही उरलेलं नाही, आणि त्या देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक वेळा गाड्या हरणांवर आदळतात.

स्कॉटलंडचा कायदा तर आणखी बारकाईनं पाहण्याजोगा आहे. तिथं तांबड्या हरणाच्या नरासाठी १ जुलै ते २० ऑक्टोबर आणि मादीसाठी २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असा हंगाम दीर्घकाळ होता. नराचा हंगाम ऐन माजात बंद व्हायचा, म्हणजे उरलेल्या नरांना निवांत फळता येईल. मादीचा हंगाम पाडस चार-पाच महिन्यांचं झाल्यावर उघडायचा आणि गर्भ फार वाढण्याआधी मिटायचा. हरणं वाढून दहा लाखांच्या घरात गेली, जंगलाची नवी रोपं ती वर येऊ देईनात, तेव्हा २०२३ मध्ये स्कॉटलंडनं नरांसाठीचा बंदीचा काळच काढून टाकला. मादीसाठीचा मात्र ठेवला. माझ्या मते शिकारीच्या हंगामाचं सगळं मर्म या निर्णयात आहे. नर कमी झाले तरी उरलेले नर कळप फळवू शकतात. लेकुरवाळी मादी पडली तर एका गोळीत दोन जीव जातात, आणि दुसरा भुकेनं जातो.

आता हीच मोजपट्टी घेऊन राधानगरीच्या रानात यावं.

दाजीपूर-राधानगरीच्या डोंगरांत सांबर आहे, भेकर आहे, पिसोरी आहे. चितळ हा मुळात कोरड्या, मोकळ्या पानगळीच्या रानाचा रहिवासी, सह्याद्रीच्या या ओल्या पट्ट्यात तो विरळ. काळवीट तर पूर्वेकडच्या माळांचं जनावर. आता यांचं वर्ष मांडून पाहू. सांबराच्या नराची शिंगं बहुधा उन्हाळ्यात गळतात, पावसाळ्यात मखमल असते, दिवाळीच्या सुमाराला शिंगं टणक होतात आणि हिवाळ्यात माज येतो. गर्भ आठेक महिने, म्हणून पाडसं बहुतांशी पावसाच्या तोंडी आणि पावसात जन्मतात, आणि वर्षभर किंवा अधिक काळ आईसोबत फिरतात. म्हणजे सांबरासाठी हंगाम ठरवायचा झाला, तर हिवाळ्यात नर टणक शिंगांचा असतो खरा, पण माद्या गाभण होत असतात आणि मागच्या पावसातली पिलं पायाशी असतात.

चितळाचं याच्या उलट. त्याचा माज उन्हाळ्यात शिगेला पोचतो, आणि आठ महिन्यांचा गर्भ धरला तर पाडसं मुख्यतः हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिसतात. शिवाय सगळे नर एका वेळी शिंगं टाकत नाहीत. एकाच कळपात एक मखमलीत, एक टणक शिंगांचा आणि एक बोडका असा नमुना कुठल्याही महिन्यात आढळतो. जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात कान्हाच्या जंगलात मुक्काम ठोकून हरणांचा जो अभ्यास केला, त्यातून हे वेळापत्रक पहिल्यांदा इतकं नीट जगापुढे आलं. भेकराची मादी तर वर्षभरात केव्हाही विते आणि व्यायल्यावर लवकरच पुन्हा फळते. त्यामुळे भेकराची प्रौढ मादी दिसली की ती एक तर गाभण असणार, नाही तर तिचं पिल्लू झुडपात कुठंतरी दडवलेलं असणार. पिसोरी जेमतेम तीन किलोची, रात्री हिंडणारी, शिंगंच नसलेली; तिच्यातला नर कोणता आणि मादी कोणती हे बॅटरीच्या उजेडात सांगणं जवळजवळ अशक्य. काळविटाची पाडसं वर्षभर होतात, पण त्यांची गर्दी वर्षातून दोनदा होते.

या सगळ्यांचं वर्ष एकाखाली एक लिहून पाहिलं तर कॅलेंडरात मोकळा महिना उरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांबराच्या माजात येतो. मार्च ते मे चितळाच्या माजाचा आणि त्याच्या कोवळ्या पाडसांचा. जून ते सप्टेंबर सांबराच्या पाडसांचा. आणि भेकर बारा महिने. उष्ण कटिबंधात दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, अन्न पाऊस ठरवतो आणि पाऊस प्रत्येक जातीला वेगळ्या मार्गानं खुणावतो; म्हणून इथली हरणं स्कॉटलंडसारखी एका तालात वीत नाहीत. परदेशातला हंगाम उचलून आपल्या रानाला लावता येत नाही, त्याचं कारण इथं आहे.

याचा उलटा पुरावा परदेशातच मिळतो. आपलं चितळ माणसांनी टेक्ससला नेलं, हवाईला नेलं, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १८८६ साली सोडलं. तिथं ते परकं जनावर ठरतं. टेक्ससमध्ये त्याला बंदीचा काळच नाही, वर्षभर परवानाधारक शिकारी ते मारू शकतात. एकच जनावर: एका देशात वर्षभर खुलं, दुसऱ्या देशात वर्षभर बंद. तारखा ठरतात त्या हरणाच्या शरीरावरून, आणि तितक्याच ते कुठल्या रानात, कुणाबरोबर राहतं यावरून.

आपल्या देशात बंदीच्या काळाची कल्पना इंग्रजांनी आणली असा समज आहे, तो बरोबर नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी, अवध्य प्राण्यांची यादी कोरलेली आहे. त्यातच गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मारू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. चातुर्मासांच्या पौर्णिमा आणि इतर ठरलेल्या तिथींना मासे मारू-विकू नयेत, आणि त्याच दिवशी हत्तींच्या वनांत इतर प्राणीही मारू नयेत, असंही त्यात येतं. आजच्या भाषेत सांगायचं तर वय, मादीची अवस्था, तारीख आणि जागा या चारही कसोट्या बावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या एका शिलालेखात आहेत. मला हा लेख भारताच्या वन्यजीव-इतिहासातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो.

इंग्रजांच्या काळात १८८७ साली पक्ष्यांसाठी आणि १९१२ साली पक्षी व प्राणी दोन्हींसाठी कायदा झाला. १९१२ च्या कायद्यानं प्रांतिक सरकारांना कुठल्या प्राण्यासाठी कुठला काळ बंद ठेवायचा ते जाहीर करण्याचा अधिकार दिला. हरणं आणि कुरंग त्या यादीत होते. पण तो ब्रिटिश मुलखाचा कायदा. कोल्हापुरात रान दरबाराचं होतं. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. ते स्वतः निष्णात शिकारी होते, चित्त्यांचा आणि रानडुकरांमागे घोडा घालण्याचा त्यांना मोठा शौक होता. त्याच राजवटीत दाजीपूरचं दाट रान राखीव शिकारीचं रान म्हणून सांभाळलं गेलं. राखणीचा हेतू शिकार होता हे खरं. पण त्या राखणीमुळे कुऱ्हाड दूर राहिली आणि गवे, सांबर, अस्वल टिकले. शिकारीवर ज्यांची पोटं होती त्या फासेपारध्यांचं शिकारीशी असलेलं नातं मात्र सरकारी कायद्यानं वेगळ्या दिशेला नेलं होतं. त्यांना गुन्हेगार ठरवून रोज हजेरी लावायला भाग पाडलं जाई. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानातली ही हजेरीची पद्धत बंद केली. शिकार कुणाचा शौक आणि कुणाचा गुन्हा, हा प्रश्न हंगामाच्या चर्चेत सहसा येत नाही. तो यायला हवा. राजाच्या मचाणाला हंगाम आणि पारध्याच्या फाशाला तुरुंग, अशी विभागणी शतकभर चालली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. मुंबई राज्यानं १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्यात शिकारीचे परवाने, बंदीचा काळ आणि अभयारण्यं यांची एकत्र व्यवस्था होती. १९५८ साली दाजीपूरचं रान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातलं ते सर्वांत जुनं अभयारण्य. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर.

मधल्या काळात बाहेरची रानं मात्र झपाट्यानं रिती होत होती. जीप आली, प्रखर झोताचे दिवे आले, परवान्यावर एक आणि परवान्याबाहेर पाच अशी शिकार चालली. बंदीचा काळ कागदावर, आणि रानात राखणदार मूठभर. १९४७ मध्ये शेवटचे देशी चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. चित्त्याच्या मागोमाग कोल्हापूरच्या परिसरातल्या माळांवरचं काळवीटही दिसेनासं झालं. पाणी आलं, ऊस आला, माळ नांगराखाली गेला. बंदूक आणि नांगर, दोन्ही एकाच वेळी चालले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविषयी एक गैरसमज पक्का झालेला आहे: त्यानं पहिल्याच दिवशी सगळी शिकार बंद केली. तसं नव्हतं. मूळ कायद्यात मोठी शिकार, लहान शिकार अशा परवान्यांची सोय होती. राज्य सरकारला वर्षभराचा किंवा काही महिन्यांचा बंदीचा काळ जाहीर करता येई. मादी, पिल्लू आणि मखमलीतल्या शिंगांचं हरीण यांना खास परवानगीशिवाय मारायला मनाई होती. म्हणजे हरणाचं पंचांग त्या कायद्यात होतं. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यांची ती व्यवस्था रद्द झाली आणि हंगाम ही संकल्पनाच कायद्यातून गेली. आज पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची, उदाहरणार्थ काळविटाची, शिकार केली तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद होऊ शकते. रानात गळून पडलेलं सांबरशिंग उचलून विकणंही गुन्हा आहे.

हा निर्णय मला बरोबर वाटतो, आणि त्याचं कारण भूतदयेपुरतं नाही. वाघ वर्षाकाठी साधारण ५० मोठी सावजं खातो. एका वाघाला कायम पोसायचं तर रानात पाचशेच्या आसपास अशी जनावरं हवीत, असा अभ्यासकांचा हिशेब आहे, कारण त्यातली दहाव्या हिश्श्याएवढी दरवर्षी गेली तरच कळप तसाच राहतो. २०१० मध्ये चांदोली आणि कोयनेचं रान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा काही भाग कोल्हापूर जिल्ह्यात येतो. तिथली अडचण वर्षानुवर्षं एकच सांगितली जाते: सावजं कमी. त्याशिवाय बिबट्या आहे, कोळसुंद्यांच्या टोळ्या आहेत. हरणांच्या कळपात जी वाढ होते ती या तिघांची आहे. पेन्सिल्व्हेनियात लांडग्याच्या जागी माणूस बंदूक घेऊन उभा राहिला. इथं ती जागा रिकामी झालेली नाही.

तरी शेतकऱ्याचा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर घ्या. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडं लागली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. माणसानं उभं केलेलं एवढं सुंदर रान महाराष्ट्रात दुसरं क्वचितच असेल. पण लहान जागेत, मोठ्या शिकारी प्राण्याच्या धाकाशिवाय हरणं वाढली की ती कुंपणाबाहेरच्या पिकात उतरणारच. शाळू, हरभरा, भुईमूग एका रात्रीत खाल्लेला पाहणाऱ्या माणसाला चितळाचं सौंदर्य सांगायला जाऊ नये. त्याला नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणं, एवढंच बोलण्यासारखं आहे.

अशा ठिकाणी हंगाम उघडा, ही मागणी कधीकधी ऐकू येते. तिचं उत्तर वरच्या वर्षचक्रात आहे. संख्या कमी करायचीच असेल तर ती एका जागेची, एका जातीची, मोजून आणि नावानिशी परवानगी देऊन करावी लागते. धोकादायक किंवा पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत अशी मर्यादित परवानगी देण्याची वाट आजच्या कायद्यातही आहे. रानडुकराबाबत महाराष्ट्रात ती वापरलीही जाते. हरणांसाठी त्याहून चांगला उपाय हाताशी आहे. नरसाळ्यासारखं अरुंद होत जाणारं, कापडानं आणि गवतानं झाकलेलं कुंपण उभारायचं, कळपाला हाताचा स्पर्श न करता त्यात आणायचं आणि तिथून थेट वाहनात चढवायचं. आफ्रिकेतून आलेल्या या ‘बोमा’ पद्धतीनं मध्य प्रदेशात मोठ्या संख्येनं चितळं एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेली गेली आहेत. जिथं हरीण जास्त आहे आणि जिथं वाघ उपाशी आहे, ही दोन्ही ठिकाणं आपल्याकडे एका दिवसाच्या प्रवासावर आहेत.

कायद्यातला हंगाम गेला, पण चोरट्या शिकारीचा हंगाम गेलेला नाही, आणि तो कुणाला विचारून उघडत नाही. शिमग्याच्या सुमाराला गावानं मिळून पारधीला जायची जुनी रीत घाटाच्या दोन्ही बाजूंना होती; हाका घालून जनावर उठवायचं आणि नाक्यावर बसलेल्यांनी टिपायचं. ती रीत आता गुन्हा आहे, आणि ती बहुतांशी थांबलीही आहे. उरलंय ते फासे, गावठी बंदूक आणि पाणवठ्यावरचा दबा. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात, गवत वाळतं आणि पाणी उरतं ते ठरावीक डबक्यांत. सांबर, भेकर, गवा सगळे तिथंच येणार हे शिकाऱ्याला माहीत असतं. वनरक्षकालाही. म्हणून वर्षातली सर्वांत कडक गस्त याच महिन्यांत लागते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजायची वनखात्याची पद्धत याच दिवसांत येते. त्या रात्री मचाणावर जागा मिळाली तर सोडू नये. तेवढ्यानं नेमकी गणना होत नाही, पण पाणवठ्याशेजारी माणूस जागा आहे हे कळण्याचाही उपयोग असतो.

रानवाटेवर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर बांधलेली मोटारसायकलच्या ब्रेकची तार दिसली, तर ती हरणासाठी लावलेला फास आहे असं समजावं. तिच्यात बिबट्या आणि कोळसुंदाही तितकाच अडकतो. ती उपटून खिशात घालू नये. जागा लक्षात ठेवावी, फोटो काढावा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावं. एक तार सापडली तर त्याच पायवाटेवर पुढं आणखी असतात, आणि त्या शोधायला रानाची माहिती असलेली माणसं लागतात.